बसल्या जागी घाम

नवरात्र आलं की कळवण तालुक्यातल्या नांदुरीत खासगी गाड्या थांबवतात आणि सप्तशृंगगडावर भाविकांची ने-आण एसटीवर येते. सुमारे १० किलोमीटरचा घाट, त्याच वळणांवरून दिवसभर फेऱ्या. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणतंच, "ड्रायव्हरला काय, बसूनच तर असतो!"

बसलेला असतो खरा. पण आंधळ्या वळणावर समोरून हॉर्न ऐकू आला, की अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. नाडी वाढते, खांदे ताठतात, तळहातांना घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पापण्या कमी लवतात. यकृत साखर मोकळी करतं, लढायला किंवा पळायला. इथे दोन्ही करायचं नसतं. स्टिअरिंग सोडायचं नसतं, एवढंच. अन् धोका समोर दिसायलाच हवा असंही नाही. १२ जुलै २०२३ला याच घाटात गणपती टप्प्याजवळ एसटी दरीत कोसळली, एका महिलेचा जीव गेला. त्या जागेवरून जाताना नुसत्या आठवणीनंही छाती धडधडते.

निवांत माणसाच्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे काटेकोर नसतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. श्वास घेताना ते थोडे जलद पडतात, सोडताना संथ. डोकं एका कामात गुंतलं की हा चढउतार कमी होतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी बॉस्टनमध्ये गाडी चालवणाऱ्यांच्या अंगाला यंत्रं लावून पाहिलं; २००५मध्ये त्यांचा निबंध आला. चालकावरचा ताण सर्वांत नीट कळला तो त्वचेच्या ओलाव्यावरून आणि हृदयाच्या ठोक्यांवरून.

आता गंमत बघा. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढतं. ताण सुरू झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी ते भरात येतं. म्हणजे बस गडावर लागते, चालक चहाचा कप हातात घेतो, तेव्हा अंगातला घाट अजून चालूच असतो. आणि लगेच मागून हाक येते, "चला की दादा, किती वेळ!"

माझ्या मते गडावरच्या विसाव्याची पंधरा-वीस मिनिटं चालकाच्या मर्जीवर सोडू नयेत, वेळापत्रकातच धरावीत. गर्दीत ती मिळाली नाहीत, तर निदान प्रवासी चढेपर्यंत श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. पाच-सहा श्वासांत नाडी थोडी उतरते, आणि त्यासाठी सीटवरून उठावंही लागत नाही.