रोगाचे नाव कोण लिहिणार?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



ज्याने मुंबईच्या गिरणीत ब्लोरूममध्ये किंवा कार्डिंग खात्यात उमेदीची वर्षे काढली, त्याला सोमवारविषयी विचारून पाहा. रविवारची सुट्टी संपवून तो खात्यात पाऊल टाकी आणि त्याची छाती आवळून येई. मंगळवारी जरा हलके वाटे. पुढे मंगळवार, बुधवार असे करीत सबंध आठवडाच सोमवारसारखा होई. कापसाच्या धुळीने जडणाऱ्या या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. डॉक्टरच्या कागदावर मात्र ‘दमा’ किंवा ‘जुनाट खोकला’ असे लिहिले जाई, आणि विडी सोडण्याचा सल्ला मिळे.

या दोन शब्दांतला फरक केवळ वैद्यकीय नाही. ‘दमा’ लिहिला की दोष माणसाच्या शरीराचा ठरतो. ‘बिसिनोसिस’ लिहिले की तो कारखान्याचा ठरतो आणि भरपाईच्या कायद्याचे दार उघडते. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८९ व्या कलमाने डॉक्टरवर एक कर्तव्य टाकले. तिसऱ्या परिशिष्टातील रोग, म्हणजे शिसेबाधा, सिलिकोसिस, बिसिनोसिस वगैरे, रुग्णाला झाला आहे असे वाटल्यास त्याचे नाव, पत्ता, रोग आणि शेवटच्या कारखान्याचे नाव मुख्य कारखाना निरीक्षकाला विनाविलंब लेखी कळवावे. न कळविल्यास दंड फार तर १,००० रुपये. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हे कर्तव्य कायम ठेवले आणि दंडाची मर्यादा १०,००० रुपये केली.

आता क्षयाकडे पाहा. २०१२ साली सरकारने क्षयाची नोंद खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक केली. २०१८ च्या अधिसूचनेत नोंद टाळणाऱ्यांसाठी तेव्हाच्या दंडसंहितेतील २६९ आणि २७० ही कलमे दाखविण्यात आली; म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय कळविणाऱ्या खाजगी डॉक्टरला मानधन आणि रुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे. हे योग्यच झाले, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण जंतूसाठी तुरुंगाची धमकी आणि धुळीसाठी किरकोळ दंड, हे प्रमाण कोणी ठरविले? जंतूला मालक नसतो, हे त्याचे एक कारण असावे.

सिलिकोसिस तर क्षयाच्या नावाखालीच दडतो. दोहोंत खोकला, धाप, वजन घटणे. आणि सिलिकाने पोखरलेल्या फुप्फुसात क्षय लवकर शिरतो. डॉक्टर क्षयाची नोंद करतो, कायदा पाळल्याचे समाधान मानतो, आणि दगडाची धूळ कागदावर येतच नाही.

सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. कारखान्याच्या डॉक्टरचा पगार मालक देतो. वस्तीतला डॉक्टर ‘काय काम करता?’ हे विचारायलाच विसरतो. आणि कित्येकदा खुद्द कामगारच हात जोडून सांगतो, ‘साहेब, तेवढे लिहू नका, नोकरी जाईल.’ त्या विनवणीपुढे कोणत्या कलमाचा निभाव लागणार? १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. पगाराच्या, बदली कामगारांच्या मागण्या न्याय्यच होत्या. पण धूळ आमच्या फलकावर अग्रभागी कधी आली? पुढे बहुतेक गिरण्या बंद झाल्या आणि ती फुप्फुसे घेऊन माणसे गावी गेली.

कारखान्याबाहेरचे तर या कायद्याच्या हिशेबातच नव्हते. खंबायतला अकीक घासणारे घरात बसून घासतात. त्यांचा कारखाना कोणता लिहायचा? राजस्थानने २०१९ च्या धोरणात कामगाराला स्वतःच अर्ज करून तपासणी मागण्याची सोय दिली, ती मला महत्त्वाची वाटते. कळविण्याचा अधिकार एकट्या डॉक्टरच्या हाती राहिला नाही.

तेव्हा आपल्या शाखांनी एवढे करावे. खोकल्याचा रुग्ण दवाखान्यात जाईल तेव्हा सोबत एक कार्यकर्ता जावा आणि केसपेपरवर व्यवसाय, खाते व नोकरीची वर्षे लिहून घ्यावीत. रोग लिहिला गेला तर त्याची प्रत कामगाराच्या संमतीने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पाठवून पोच घ्यावी. आणि त्या कामगाराला कामावरून काढले, तर त्याच दिवशी फाटकावर सभा घ्यावी. ही तिसरी गोष्ट करण्याची तयारी नसेल, तर पहिल्या दोन सुरूच करू नयेत.