मेंदूची चूल

कर्जतच्या लोहमार्गावर वांगणी व नेरळ यांच्यामध्यें शेलू आहे. तेथील एखाद्या घरीं वृद्धाचें तोंड अकस्मात् वांकडें झालें, हात लुळा पडला, कीं कोणी तरी साखरपाणी पुढें करावयाचेंच. हेतु चांगला, उपाय मात्र चुकीचा.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के. पण विश्रांतींतहि प्राणवायूचा सुमारें २० टक्के वांटा तो एकटा घेतो. ग्लुकोज हें त्याचें मुख्य इंधन. रक्तप्रवाह मंदावला, कीं तो प्रथम आहे त्या रक्तांतूनच अधिक प्राणवायु ओढून घेतो. तोहि अपुरा पडला, म्हणजे ग्लुकोज अर्धवटच जळतें. एरव्हीं ज्या एका रेणूपासून शक्तिवाहक एटीपीचे सुमारें ३० रेणू मिळतात, त्यापासून आतां अवघे २. आणि मागें सांचतें लॅक्टिक आम्ल. वारा कोंडलेल्या चुलींत लाकडें कोंबलीं, तर धूरच वाढतो!

शिवाय गिळतां न आल्यास पाणी श्वासनलिकेंत जातें. साखर उतरल्यानेंहि अशीं लक्षणें दिसतात. पण तो निवाडा रक्त तपासूनच व्हावा. म्हणून तोंडांत कांहीं घालूं नये. वेळ टिपावी, १०८ ला कळवावें. गुठळी विरघळविणारें औषध बहुधा साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. शेलूहून मोठें रुग्णालय गांठण्यांतच त्यांतला कांहीं काळ जातो. ‘सकाळीं पाहूं’ असें म्हणण्याइतका अवधि मेंदूपाशीं नसतो.