नकाशा मंजुरीची फाइल कुठे अडते?

नागपुरात नकाशा मंजुरीची फाइल अडली की दोष घराच्या नकाशात शोधला जातो. अडचण पुष्कळदा जमिनीच्या कागदांत निघते. पहिला प्रश्न असतो अर्ज कोणत्या दारी करायचा हाच. महानगरपालिका 1951 सालची. तिच्याही आधीचा नागपूर सुधार प्रन्यास 1936 च्या स्वतंत्र कायद्याने आला. शहराभोवतीच्या गावांसाठी 2017 पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. प्रन्यासचे लेआउट महापालिकेकडे सोपवण्याचा निर्णय 2019 मध्ये झाला आणि पुढे फिरवलाही गेला. या ने-आणीच्या खेळात फायली कुठल्या कपाटात गेल्या, हे शोधण्याचे काम मात्र प्लॉटधारकाच्या वाट्याला आले. म्हणून प्लॉटचा खसरा क्रमांक आणि मौजा घेऊन आधी नियोजन प्राधिकरण कोणते, याची खात्री करून घ्यावी. वास्तुविशारदाची फी त्यानंतर.

दुसरा प्रश्न लेआउटचा. शहर वाढले तसे गृहनिर्माण संस्थांनी आणि जमीनमालकांनी शेतजमिनीचे तुकडे पाडून विकले. विक्रीपत्र नोंदले गेले, पण जमीन अकृषक झालेली नव्हती आणि लेआउटला मंजुरीही नव्हती. नागपूरकरांच्या बोलण्यातले ‘572 लेआउट’ आणि ‘1900 लेआउट’ हे आकडे याच वस्त्यांचे. त्यांना नियमित करण्यासाठी 2001 मध्ये गुंठेवारी कायदा आला. त्याची मूळ मुदत 1 जानेवारी 2001 पर्यंतच्या भूखंडांची होती. 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 वर आणली. अशा प्लॉटवर आधी डिमांड नोट भरून नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे ‘आरएल’, घ्यावे लागते. ते हाती नसताना नकाशा कितीही नियमात बसवला तरी पुढे सरकत नाही, आणि बँकाही कर्ज देताना हाच कागद मागतात. प्लॉट विकत घेतानाच विक्रेत्याकडून आरएल, आखीव पत्रिका किंवा सातबारा आणि मंजूर लेआउटची प्रत मागितलेली बरी. ‘नंतर करून देऊ’ या आश्वासनाला कागदाची किंमत नसते.

डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतांश भागात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लहान प्लॉटधारकाला तिने खरी सवलत दिली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फुटांच्या प्लॉटवर ठरावीक अटींत नकाशा व कागदपत्रे सादर करून शुल्क भरले की त्याची पावतीच परवानगी मानली जाते. 150 ते 300 चौरस मीटरपर्यंत वास्तुविशारदाच्या किंवा परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी मिळण्याची तरतूद आहे. मात्र दोन्हींत प्लॉट वैध असावा लागतो, म्हणजे गाडी पुन्हा आरएलपाशीच येते.

ऑनलाइन अर्जाने खेपा कमी झाल्या, पण रकानेपूर्ती वाढली. संगणक प्रणालीला नकाशातल्या रेषा ठरलेल्या थरांत, ठरलेल्या रंगांत लागतात. घर नियमात असूनही एका थराचे नाव चुकले तर फाइल परत येते. त्याहून त्रासदायक म्हणजे हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या त्रुटी: आज जुनी कर पावती, पुढच्या वेळी शपथपत्र, त्यानंतर ना-हरकत. त्रुटी तोंडी ऐकून परतू नये. सगळ्या एकत्र आणि लेखी मागाव्यात, उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी.

पोच घेण्याला कायद्याचे कारण आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 प्रमाणे साठ दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते. पण प्राधिकरणाने माहिती मागितली असेल तर हे दिवस ती दिल्यानंतर मोजतात, आणि नियमाविरुद्धच्या नकाशाला हे संरक्षण नाही. परवानगी नाकारली गेल्यास कलम 47 खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. अधिसूचित सेवेला विलंब झाल्यास 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा मार्गही आहे. त्यात दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे.

सगळेच नियम मात्र एका मापाने मोजू नयेत. 11 हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या वीजवाहिनीपासून बांधकाम आडवे किमान 1.2 मीटर आणि उभे 3.7 मीटर दूर हवे. ही अट कटकटीची वाटते आणि गॅलरी थोडी पुढे काढली जाते. 2017 मध्ये उत्तर नागपुरात उच्चदाब वाहिनीमुळे जुळी भावंडे दगावली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. दुसरीकडे पाचशे चौरस मीटर व त्यावरील प्लॉटला पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती आहे. तिथे नकाशात खड्डा दाखवला की रकाना भरतो, पुढे तो खणला गेला का, पाइप त्यात उतरला का, हे पाहणारा सहसा कोणी नसतो.

परवाना हाती आला तरी काम संपत नाही. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते. दरवर्षी मुदत वाढवून घेता येते, पण ही वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे जात नाही. जोत्याची तपासणी वेळेत करून घ्यावी, कारण जोते चुकले तर भिंती चढल्यावर दुरुस्ती परवडत नाही. मंजूर नकाशात बदल करायचा असेल तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. घर लागले, वास्तुशांती झाली की बहुतेक कुटुंबे ते घ्यायचे विसरतात. काही वर्षांनी घर विकताना किंवा वारसांत वाटणी करताना ते मागितले जाते, आणि तोवर वास्तुविशारदाचे कार्यालय हललेले असते.