रात्रींचा खोकला आणि संशोधनाचा पैसा

भंडारा जिल्हा तळ्यांसाठीं आणि तांदळासाठीं प्रसिद्ध आहे. आरोग्यखात्याच्या दप्तरीं मात्र तो हत्तीरोगाचा जिल्हा म्हणूनही नोंदलेला आहे. यांत तळ्यांचा दोष थोडा. हा रोग पसरविणारा क्युलेक्स डांस मुख्यतः वाढतो तो घरामागच्या सांडपाण्याच्या डबक्यांत आणि तुंबलेल्या गटारांत. सुजलेला पाय कोणासही ओळखतां येतो. परंतु त्याच कृमींमुळें कांहीं थोड्या लोकांच्या फुप्फुसांस एक निराळाच विकार जडतो, आणि तो वरून दिसत नाहीं.

वैद्यकांत त्यास ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया म्हणतात. हत्तीरोगाचे कृमी शरीरांत शिरलेल्या शंभर जणांत एकालाही तो क्वचितच होतो. रात्रीं कोरड्या खोकल्याची ढांस लागते, छाती घरघरते, वजन घटतें, बारीक ताप येतो. घरचीं माणसें क्षयाच्या शंकेनें धास्तावतात, शेजारी दमा ठरवितात, आणि पुष्कळदां उपचारही त्याच दोन वाटांनीं जातात. अडचण अशी कीं, हत्तीरोगाच्या तपासणीसाठीं रात्रीं घेतलेल्या रक्तांत एरव्हीं जे सूक्ष्म कृमी सांपडतात, ते या रुग्णाच्या रक्तांत बहुधा सांपडतच नाहींत. शरीर त्यांच्यावर इतक्या त्वेषानें तुटून पडतें कीं, ते फुप्फुसांतच अडकून मरतात; आणि त्या झगड्यांत इजा होते ती फुप्फुसालाच. रक्तांतील इओसिनोफिल नांवाच्या पेशी निरोगी माणसांत घन मिलिमीटरला ५०० च्या आंत असतात. येथें त्या ३००० च्या वर जातात. ती गणना कोणीं केली तर रोग कळतो.

या रोगाचा शोध लागला तो असाच, दुसऱ्याच रोगाच्या घरीं. १९४० सालीं मदनपल्लीजवळच्या क्षयाच्या आरोग्यधामांतील फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनीं क्षयासारखे दिसणारे, पण क्षय नसलेले रुग्ण वर्णिले. १९४३ मध्यें वाइनगार्टन यांनीं त्यास नांव दिलें. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील वेब, जॉब आणि गॉल्ट यांना फुप्फुसाच्या तुकड्यांत प्रत्यक्ष कृमी दिसले, तें १९६० सालीं. पुढें मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रानें अमेरिकन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें रुग्णांचीं फुप्फुसें धुऊन त्या द्रवाची तपासणी केली, आणि एक चिंताजनक गोष्ट उघडकीस आली. डायएथिलकार्बामाझिन हें औषध तीन आठवडे दिल्यावर खोकला थांबतो खरा, परंतु कांहीं रुग्णांत फुप्फुसांचा दाह धुमसतच राहतो. अशा रुग्णांचीं फुप्फुसें कालांतरानें ताठर होण्याचें भय असतें. हें औषध १९४७ सालचें. आजही तेंच दिलें जातें. तीन आठवडे पुरेसे आहेत काय, यासारख्या साध्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर अद्यापि नाहीं.

तें मिळावयाचें तर रुग्णाकडे चार-पांच वर्षें पुनःपुन्हां जाऊन त्याच्या श्वासाची मोजणी केली पाहिजे. १९११ सालीं इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नांवानें स्थापन झालेली आणि १९४९ पासून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद म्हणविली जाणारी संस्था वैद्यकीय संशोधनास पैसा देते. परंतु अशा योजना बहुधा तीन वर्षांच्या असतात. दुर्मिळ रोगांचें २०२१ चें राष्ट्रीय धोरण आहे, तें मुख्यतः आनुवंशिक विकारांचें. राहतां राहिला हत्तीरोगाचा पैसा. तो रोग २०२७ पर्यंत हटविण्याचा सरकारचा संकल्प आहे, आणि तो तडीस जावा हेंच इष्ट. मात्र मोहीम संपली कीं, तिच्यामागचा पैसाही आटेल, आणि ज्यांचीं फुप्फुसें आधींच दुखावलीं आहेत ते रुग्ण मागें राहतील. त्यांना तपासणाऱ्या तरुण डॉक्टरानें तोंवर हा रोग पाहिलेलाही नसेल.

भंडाऱ्यांतून नागपूरचें वैद्यकीय महाविद्यालय दूर नाहीं, सेवाग्रामही गांठतां येतें. कामाचा आरंभ फार खर्चाचाही नाहीं. हत्तीरोगाच्या पाहणीसाठीं कर्मचारी आजही रात्रीं दारोदार जाऊन बोटांतून रक्ताचा थेंब घेतात. त्यांच्या हातच्या तक्त्यांत रात्रींच्या खोकल्याचा एक रकाना वाढवावा, आणि होकार येईल तेथें पेशींची गणना करावी. पुढचीं पांच वर्षें त्या घरीं पुन्हां जाणाऱ्या माणसाचा पगार मात्र आजच मंजूर झाला पाहिजे.