‘काय, काही विशेष?’

(चिंचणी येथे हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



लग्नाला वर्ष होते न होते तोच सुनेला प्रश्न सुरू होतात, “काय, काही विशेष?” बोईसरहून कामाला जाणाऱ्या मुलीला तो लोकलच्या महिला डब्यात गाठतो आणि लग्नाच्या पंगतीतही सोडत नाही. विचारणारीच्या मनात बहुधा मायाच असते. परंतु जिच्या घरी दर महिन्याला आशा उगवते आणि मावळते, तिला ती माया बोचते.

अशा वेळी पुष्कळ जणी “आम्हालाच इतक्यात नको” असे सांगून मोकळ्या होतात. मला हे उत्तर धोक्याचे वाटते. त्यावर लगेच नोकरीच्या हव्यासावर प्रवचन ऐकावे लागते. दुःख एक आणि दूषण भलतेच! त्यापेक्षा “सांगण्यासारखे झाले की मावशी, तुम्हाला नक्की सांगेन,” असे हसून म्हणावे. खोटेही नाही आणि विषयही मिटतो. औषधोपचारांचा तपशील कोणालाही देण्यास आपण बांधील नाही. मनातले सांगण्यास एखादी विश्वासाची मैत्रीण मात्र असावी.

आणि उत्तर तिनेच का द्यावे? जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते. तरीही ‘वांझ’ हा शब्द आपण स्त्रीसाठीच राखून ठेवला! वर्षभरात गर्भधारणा झाली नाही, तर तपासणी दोघांनी करावी. पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे, असा आग्रह झाला. त्यांनी तो धुडकावला. लोकांच्या प्रश्नाला तोंड द्यायला पती उभा राहिला, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे १८७४मध्ये त्यांनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंचा अंत झाला.

आज इथे बसलेल्या सासूबाईंना माझी विनंती आहे. शेजारीण विचारू लागली, तर “आमचे आम्ही पाहतो हो,” एवढे तुम्हीच म्हणा. तुमच्या त्या एका वाक्याने सुनेचे निम्मे ओझे उतरेल. घरातल्या डोहाळजेवणाला ओटी भरायला तिलाही मानाने बोलवा. ती आली नाही, तर मात्र का आली नाही, हे विचारू नका.