ऑफिसच्या कॉम्प्युटरची किल्ली
(सर्वसाधारण सभेनंतर झालेल्या भाषणावरून)



आपल्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर काय काय आहे, आठवून बघा. सभासदांची नोंदवही, नॉमिनेशन, भाडेकरूंच्या आधार कार्डाच्या प्रती, मेंटेनन्सचे हिशेब. कागदाच्या कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे असते. कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र तीन कमिट्या तोच आहे आणि निम्म्या सोसायटीला पाठ आहे!

विंडोजमध्ये पासवर्डचे नियम तयारच असतात, फक्त लावावे लागतात. प्रो आवृत्ती असेल तर ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ उघडा. तिथे ‘अकाउंट पॉलिसीज’मध्ये ‘पासवर्ड पॉलिसी’ सापडेल. होम आवृत्तीत ही सोय नाही. तिथे ‘नेट अकाउंट्स’ ही कमांड निदान लांबी ठरवून देते.

लोक आधी ‘कॉम्प्लेक्सिटी’ चालू करतात. म्हणजे कॅपिटल, स्मॉल, आकडे, चिन्हे यांपैकी तीन प्रकार हवेत. जरूर करा. पण ‘सोसायटी ॲट 123’, पहिले अक्षर कॅपिटल, हा पासवर्डही त्यात आरामात पास होतो, आणि चोर पहिल्यांदा तोच टाकून बघणार. म्हणून माझा भर लांबीवर. किमान लांबी 14 ठेवा. ‘जिना लिंबू छत्री मंगळवार’ असे चार असंबद्ध शब्द इंग्रजी लिपीत, मध्ये आडव्या रेघा, एखादे कॅपिटल. लक्षात राहतो, आणि ओळखायला महाकठीण. (हाच नका ठेवू, आता सगळ्यांनी ऐकलाय.)

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मात्र नको. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या मानक संस्थेने 2017 मध्येच ती नको म्हटले. मायक्रोसॉफ्टनेही 2019 मध्ये आपल्या शिफारशींतून मुदत काढली. कारण साधे आहे. माणूस जानेवारीत शेवटी 1 लावतो, फेब्रुवारीत 2, आणि मार्चमध्ये चिठ्ठी मॉनिटरला चिकटते. कमिटी बदलली किंवा क्लार्क सोडून गेला, तर मात्र त्याच दिवशी बदला.

‘अकाउंट लॉकआउट’ही लावा: 10 चुकीचे प्रयत्न, मग 10 मिनिटे कुलूप. क्लार्कला वेगळे साधे खाते द्या, ॲडमिनिस्ट्रेटरचे नको.

एक गोम आहे. लांबीचा नियम लावला तरी जुना पासवर्ड चालूच राहतो. नियम तपासला जातो तो पुढच्या बदलाच्या वेळी. तेव्हा नियम लावल्यावर लगेच नवा पासवर्ड टाका. तो बंद पाकिटात, सही करून, कपाटात ठेवा. अध्यक्षांची परवानगी असेल तर रविवारी अकराला ऑफिसात बसून हे करून टाकू.