देवाची हाक आणि आपलं 'येत नाही'



आज आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एका वाक्याबद्दल बोलू. 'आम्हाला कुठं काय येतंय?' बैठकीत कुणी काम सांगितलं की पहिलं हेच निघतं. ऐकायला नम्रपणाचं वाटतं, पण त्या वाक्यापायी कधी कधी कुणीतरी उपाशी राहतं.

आमच्या वस्तीवर एक आजी अंथरुणाला खिळल्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले. भजनानंतर आम्ही त्यांच्यासाठी देवाकडं मागणं मागितलं. तेव्हा गटातली सगळ्यात वडील मावशी म्हणाली, "देवाला सांगून झालं. आता देव आपल्याला काय सांगतोय ते ऐका." सगळ्या गप्प. मग एकेकीचं सुरू झालं. मी अडाणी आहे. आम्ही काय नर्स आहोत? काही झालं तर आमच्यावर येईल.

भीती खोटी नव्हती. पण आजींना पाणी कोण पाजणार, हा प्रश्न तसाच होता.

अशा वेळी गाडगेबाबा आठवावेत. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्म. शाळा नाही, लहानपण मामाकडं गुरं राखण्यात गेलं. 1905 साली घर सोडलं ते लोकांच्या सेवेसाठी. जवळ काय, तर एक गाडगं आणि खराटा. गावात शिरलं की आधी गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. कीर्तनही कसं, तर समोरच्या माणसांनाच साधे प्रश्न विचारत, त्यांच्याच बोलीत. याच माणसानं लोकांच्या मदतीनं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. देवानं हाक मारताना शाळेचा दाखला मागितला नाही. जे हातात होतं, तिथूनच सुरुवात झाली.

आम्हीही हातात होतं तिथून सुरुवात केली. पाच जणींनी पाळ्या लावल्या. घरटी एक जुनं लुगडं जमवलं. जे येत नव्हतं ते आशाताईंना आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारलं. त्यांनी दाखवलं ते तुम्हालाही सांगतो. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. अंथरुणाला सुरकुती राहू द्यायची नाही, ओलं झालं की लगेच बदलायचं. माकडहाड, खुबा आणि टाचा रोज बघायच्या. लाल डाग दिसला तर तो चोळायचा नाही, त्यावर भार येऊ द्यायचा नाही आणि नर्सबाईंना कळवायचं. भरवताना उठवून बसवायचं, घास छोटा द्यायचा. आडवं ठेवून पाणी पाजायचं नाही, ठसका लागतो.

यात न जमण्यासारखं काय आहे? बाळंतिणीचं आणि तान्ह्या लेकराचं आपण आयुष्यभर केलंच आहे.

पण एक ध्यानात ठेवा. 'येत नाही' हे खोटं नसतं, आणि ते लपवायचंही नसतं. औषध कुठलं द्यायचं, जखमेला काय लावायचं, हे आम्ही आमच्या मनानं कधी ठरवलं नाही. 'येत नाही, म्हणून करत नाही' म्हटलं की दार बंद होतं. 'येत नाही, म्हणून विचारते' म्हटलं की तेच दार उघडतं. सेवेला निघालेल्या बाईला आपलं अज्ञान ठाऊक असणं बरंच. त्यामुळं ती हळू हात लावते आणि वेळेवर मदत बोलावते.

माघात आजी गेल्या. मुलगा-सून आदल्या दिवशी पोचले होते. सुनेनं शेवटची आंघोळ घातली, तेव्हा आजींच्या पाठीवर एकही जखम नव्हती. सून काही बोलली नाही, नुसती आमचे हात धरून बसली.

तायांनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढंच विचारा, आपल्या गावात कुठलं दार बरेच दिवस उघडलेलं नाही? एखादीच्या मनात लगेच एक घर येईल. हाक तीच समजा. आणि एकटीनं जाऊ नका, दोघी जा.

रामराम.